तीनशे सेकंदांनंतरचा धवला

कुणाच्या अंगात आलंय म्हटलं की मी उठून आत जायचे. असल्या गोष्टी ऐकायलाही मला कंटाळा. पण गेल्या लग्नसराईत जे झालं ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय... आणि माझा सगळा कारभार कानांवरच. मी जन्मापासून आंधळी. रोह्याजवळ वरशाला भावाच्या घरी राहते.

माझा लॅपटॉप विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो. माऊसवाल्या रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये कुठलं बटण कुठे आहे ते पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला धड सांगता येत नाही. कमांडचं तसं नाही — ‘एरेकॉर्ड’ टाइप करायचं, किती सेकंद ते लिहायचं, एंटर! पुढे जे होईल ते लॅपटॉप वाचून दाखवतो. कुणाला हाक मारावी लागत नाही.

वहिनी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली, मिठागरात राबणाऱ्यांची लेक. तिच्या मुलीचं, आमच्या श्रुतीचं, लग्न ठरलं होतं. वहिनीच्या माहेरी हळदीला एक धवला, म्हणजे लग्नातलं जुनं गाणं, म्हणतात. तो वहिनीची काशीआत्या म्हणायची. ती काही वर्षांपूर्वी गेली आणि शेवटचं कडवं तिच्याबरोबरच गेलं. तिच्या धाकट्या बहिणीला, हिराआत्याला, बाकी सगळं पाठ, शेवट तेवढा नाही. हिराआत्या आता ऐंशीच्या घरात. आहे तेवढं तरी रेकॉर्ड करून ठेवू, असं वहिनीचं म्हणणं.

एका दुपारी वहिनी आणि मी तिच्या माहेरी जाऊन हिराआत्याच्या पडवीत बसलो. मी तीनशे सेकंदांची कमांड दिली. आत्या गायली, शेवटाशी येऊन अडकली. पुन्हा मागून धरलं, पुन्हा तिथेच.

“नाय गो आठवत,” म्हणाली.

तेवढ्यात रेकॉर्डिंग संपल्याचं लॅपटॉपने सांगितलं. मी झाकण मिटलं. चहा घेतला, निघालो.

पेणहून रोह्याच्या गाडीत हेडफोन लावून फाईल तपासायला घेतली. लांबी विचारली — पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद! अहो, तीनशे सेकंद म्हणजे बरोब्बर पाच मिनिटं, कमांड तिथेच थांबते. माझा आकडा चुकला असेल म्हणून वरच्या बाणाची कळ दाबून जुनी कमांड परत वाचून घेतली. तीनशेच.

मग ऐकलं. “नाय गो आठवत”... आणि त्यापुढे दुसरीच बाई गायला लागली. भरदार, किंचित घोगरा आवाज. चाल तीच. मागे पंखा नाही, आमचे चहाचे कप नाहीत, काही नाही — फक्त ती. भीती वाटली का? छे! सगळ्या डब्याला ऐकवावंसं वाटलं. निडी स्टेशन आलं तेव्हा एक हेडफोन वहिनीच्या कानात घातला. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

“काशीआत्या हाय ही.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत पेण. हिराआत्याला काही न सांगता फाईल लावली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “परत लाव.” तिसऱ्या वेळेला ती बहिणीच्या आवाजात आवाज मिसळून गात होती. जेवायच्या वेळेपर्यंत कडवं पाठ! काशीआत्याचं गाणं आधी कुणी रेकॉर्ड केलं होतं का, असं मी खोदून खोदून विचारलं. कुणीच नाही, कधीच नाही.

ओळखीच्या लिनक्सवाल्यांना फाईल पाठवली. एकाने साउंड कार्डाच्या घड्याळाला दोष दिला, दुसरा म्हणाला जुनी फाईल जोडली गेली असेल. पण लॅपटॉप महिन्यापूर्वी घेतलेला. त्यात काशीआत्या येणार कुठून?

श्रुतीच्या हळदीला हिराआत्याने धवला म्हटला. शेवटचं कडवं सुरू झालं तशा आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना ऐकता ऐकता ओळी आठवत गेल्या, आणि एकेक करून त्या तिच्या आवाजात मिसळल्या. संपल्यावर त्यांतलीच एक जवळ आली.

“हिरे, हे तुला कुणी शिकवलं गो?”

हिराआत्याने माझा हात धरून वर केला. “काशीआत्याने,” मी म्हणाले.