राजाक्कांनी सोडलेली कॉफी

तंजावरात राहून कॉफी न पिणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे आमच्या घरमालकीण राजाक्का. आणि गंमत अशी, की कॉफीचा वास आला की त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या! सकाळी मी फिल्टरमध्ये पाणी ओतलं, की मधल्या दारात हजर. "ओत, ओत. मी नुसता वास घेतें. वासानं व्रत मोडत नाहीं."

लग्न होऊन मी साताऱ्याहून तंजावरला आले ती सत्तावन्न साली. यांची तिकडे सरकारी नोकरी. मला तमिळचं अक्षर कळेना, उठल्यासुटल्या रडू यायचं. अशात भिंतीपलीकडून चक्क मराठी आरती ऐकू आली! राजाक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, त्यामुळे मराठी जुन्या पत्रातलं आणि हेल तमिळ. देवनागरी वाचता येत नव्हती; आरत्या तमिळ लिपीत उतरवून ठेवलेल्या. पण आवाज असा खणखणीत, की गल्लीतला दूधवाला थांबून ऐकायचा.

त्यांच्या देवघरात सगळे देव होते, फक्त कुलस्वामिनीच्या जागी एक सुपारी. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आई गावाला गेलीया." जशी काही कोपऱ्यावर भाजी आणायला गेली आहे!

खरी हकीकत मला पुढे कळली. त्यांचे आजी-आजोबा ओरत्तनाडूजवळच्या एका खेड्यात राहायचे. आजोबा अचानक गेले. सुतकात देवाला शिवायचं नाही, म्हणून आजीनं भवानीचा चांदीचा टाक समोरच्या तमिळ घरी पूजेला दिला. "सुतक फिटलं की नेते," असं सांगितलं. पण तिचे दिवस भरत आलेले. दहा दिवस व्हायच्या आतच भाऊ आला आणि तिला गाडीत घालून तंजावरला घेऊन गेला. परत जाणं काही झालं नाही. मरतानाही तिचा जीव त्या टाकात अडकला होता. तेव्हा सोळा वर्षांच्या राजाक्कांनी तिचा हात धरून शब्द दिला, आई घरी येईपर्यंत कॉफी बंद!

"मग इतकी वर्षं आणली का नाहीत?" मी विचारलं.

एरवी तोंडाला खळ नसलेल्या राजाक्का हळूच म्हणाल्या, "गेलें, आणि नसलीच तर? आतां निदान गावाला गेलीया म्हणतां येतें."

शाळेतून निवृत्त झाल्या, त्याच आठवड्यात भल्या सकाळी माझं दार वाजलं. लालभडक रेशमी लुगडं नेसलेल्या राजाक्का, हातात पितळी डबा, डब्यात कोरी खणाची घडी. "सरी! ऊठ, लुगडें बदल, निघायचें!" 'सरी' म्हणजे 'ठीक आहे', राजाक्कांचं कुठलंही काम या शब्दानं सुरू व्हायचं. बसमध्ये त्यांनी पुढच्या-मागच्या सगळ्यांना सांगून टाकलं, की आम्ही आईला आणायला चाललो आहोत. एका बाईनं उठून त्यांना खिडकीची जागा दिली.

ओरत्तनाडूला छत्रापाशी, म्हणजे जुन्या धर्मशाळेपाशी, उतरून बैलगाडी केली. कालव्याच्या दोन्ही अंगांना हिरवीगार भातशेती. राजाक्का आजीनं सांगितलेल्या खुणा बोटांवर घोकत होत्या. तळं आलं, पिंपळ आला! आजोबांच्या घराच्या जागी नारळाची झाडं उभी होती. पण समोरचं घर होतं, आणि ओट्यावर एक म्हातारी मोगरा ओवत बसली होती.

राजाक्कांनी तमिळमध्ये आजीचं नाव सांगितलं. म्हातारी उठली. त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला. एवढं तमिळ मला तोवर कळत होतं.

"सुतक फिटलं का?"

राजाक्का एकदम हसल्या आणि रडल्याही. "फिटलं हो, फिटलं!"

आत कोनाड्यात आई होती. नाकडोळे झिजून गेलेले, हळदीकुंकवानं माखलेली. म्हातारीच्या सासूनं मरताना बजावलं होतं, की ही ठेव आहे, मालकीण येईल. म्हातारीनं टाक पुसला, डब्यात ठेवला आणि बोलत सुटली. "थंडीत ऊन पाणी घाला, गार सोसत नाही तिला. फूल मोगऱ्याचंच घाला. मंगळवारी गोड पोंगल लागतो." लेक सासरी धाडावी तसं तिचं चाललं होतं. मग रिकाम्या कोनाड्याकडे बघून ती स्वतःशीच म्हणाली, "उद्या सकाळी मी काय करू?"

राजाक्का डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. मी खुणावलं, "उठा, बस चुकेल." त्या उठल्या, आणि टाक काढून परत कोनाड्यात ठेवला! पुढ्यात खण ठेवला, वाकून नमस्कार केला.

मला संतापच आला. "अक्का, अहो काय करताय हे? चाळीस वर्षं तुम्ही..."

"आई घरीं येईतों, असेंच म्हटलें होतें ना मी?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मग बघ की! ती घरींच आहे."

आणि म्हातारीकडे वळून लहान मुलीसारख्या विचारत्या झाल्या, "कॉफी आहे का हो?"

राजाक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी त्या तीन पेले कॉफी प्यायल्या, एकामागून एक, जीभ भाजेपर्यंत. बस अर्थातच चुकली.