विहिरीतला तांबडा थर

भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीत पणदऱ्याला घरी आले, तर आमची विहीर खोल करायचं काम चाललं होतं. यारीनं वर येणारा दगड सगळा काळा पाषाण. त्या दुपारी मात्र बादलीतून विटकरी ढेकूळ आलं. नखानं खरवडलं तर भुगा झाला. काठावरून वाकून पाहिलं, खाली दोन काळ्या खडकांच्या मधोमध हातभर जाडीचा तांबडा पट्टा!

“आबा, वर या! सगळेच या, चहा आणलाय!” मी ओरडले.

आबा म्हणजे माझे वडील, ते आणि दोन गडी वर आले. “काय सापडलं? सोनं?” आबा हसले.

“लोखंडाचा गंज हाय ह्यो,” मी सांगितलं. “लाव्हा निवून खडक झाला. मग उन्हापावसानं कुजला, त्यातलं लोखंड गंजून लाल झालं. त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला.”

“मग आपल्यात लोखंडाची खाण का न्हाय?”

“त्याला लय पाऊस लागतो, आबा. तिकडं कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर असलाच खडक लाखो वर्षं भिजला. पाण्यानं बाकीचं धुऊन नेलं, लोखंड आन् ॲल्युमिनियम मागं राह्यलं. तिथं बॉक्साइटच्या, म्हंजी ॲल्युमिनियमच्या दगडाच्या खाणी हायेत.”

आबा ते ढेकूळ हातात फिरवत होते. तेवढ्यात विहिरीतून धाडकन आवाज आला. पायाखालची जमीन हादरली. लाल धुरळा काठावर चढला.

तो खाली बसल्यावर आम्ही डोकावलो. तांबडा पट्टा ढासळला होता आणि त्याच्यावरचा, बैलगाडीएवढा पाषाण तळाशी पडला होता. नेमका जिथं आबा पहार घेऊन उभे होते, तिथं. पहारीचं फक्त टोक दिसत होतं.

असा थर मऊ असतो, तो उघडा पडला की वरचा खडक घसरतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते. आणि तो डोळ्यांनी बघूनही मी लाव्हाच्या गोष्टी सांगत बसले होते. त्यांना वर बोलावलं ते धोका ओळखून नव्हे, नुसतं ढेकूळ दाखवायला.

“आबा, मला ठाऊक होतं,” मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी हातातलं ढेकूळ खाली ठेवलं. “मग आदी ते सांगायचं, पोरी.”

त्या दिवशी काम थांबलं. पुढं आबांनी त्या थराला आतून काँक्रीटची रिंग मारून घेतली. ती पुरी होईपर्यंत त्यांनी कुणालाच त्या थराच्या खाली खोदायला उतरू दिलं नाही.