गाडी सोडायची नाही

माझ्या वाळवंटाच्या प्रवासाची तयारी चिंचणीच्या किनाऱ्यावर झाली, आणि ती करून घेणाऱ्या माझ्या आईने वाळवंट कधी पाहिलेलं नव्हतं.

साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पालघरच्या एका दवाखान्यात मी नर्स होते, लग्न व्हायचं होतं, आणि आखातातल्या एका देशाच्या इस्पितळात मला नोकरी लागली. देश मोठा, माणसं मूठभर, बाकी सगळी वाळू. वडील जाळं विणता विणता एवढंच म्हणाले, "आयेला विचार." झालं, घोडं तिथंच अडलं. आमच्याकडे होडी वडिलांची, पण मासळीपासून सोयरिकीपर्यंतचा कारभार आईचा. तिने नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी त्याचं हो होत नसे. आणि तिने नाही म्हटलं होतं.

"दर्या कसाबी असो, निदान दिसतो तरी," ती म्हणाली. "तिथं पानीच नाय. पानी नाय तिथं माणूस जगतो कसा?"

मी रुसून बसले, जेवणार नाही म्हणाले. आईने माझ्या वाटचं बोंबलाचं कालवण शांतपणे धाकट्या बहिणीला वाढलं. संध्याकाळी मी मुकाट्याने पानावर बसले.

बातमी बोंबील वाळवणाऱ्या बायकांत पोचली आणि ज्याची त्याची अक्कल माझ्या पदरात पडू लागली. वाळूतलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची खात्री. जन्मच वाळूत गेला होता ना! काकी म्हणाली, "दुपारचं पाय भाजतील गो, ओल्या वाळूवरनं चाल." आत्याने बजावलं, "भरतीची येळ विचारून मगच फिरायला जा." शेजारणीचं म्हणणं, वाट चुकलीस तर ताडावर चढलेल्याला हाक मार, त्याला वरनं सगळा मुलूख दिसतो. मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. एवढ्या सल्ल्यांतला एकही तिला पुरा पडत नव्हता.

शेवटी मी बोईसरहून एक सिस्टर घरी आणली. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, त्याच्या कामगारांच्या दवाखान्यात ती होती. केरळची, आणि मी जाणार होते त्याच देशात काही वर्षं काढून आलेली. आईला बाजारापुरतं हिंदी येत होतं, बोईसरच्या कामगारांना मासे विकून शिकलेलं. सिस्टरने ओटीवर बसून सगळं समजावलं. बाहेर पडताना डोकं नि अंग झाकायचं. अनोळखी गाडीत एकटीने बसायचं नाही. कुठे चाललोय नि कधी परतणार, ते मागे कुणाला तरी सांगून निघायचं. पाणी तहानेपेक्षा जास्त न्यायचं. बुटात पाय घालण्याआधी बूट झटकायचा, आत विंचू असतो. आई सुपारी कातरत ऐकत होती. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

"और गाडी बंद पड जाए," सिस्टर म्हणाली, "तो गाडी छोडना नहीं. सामने घर दिखे, तो भी नहीं."

आईचा अडकित्ता थांबला. "क्यों?"

"ढूंढनेवाले को आदमी नहीं दिखता. गाडी दिखती है."

आईने अडकित्ता खाली ठेवला. का, ते मला ठाऊक होतं. तिच्या दोन भावांची होडी एकदा उलटली होती. धाकटा मामा पालथ्या होडीला धरून राहिला, त्याला दुसऱ्या होडीवाल्यांनी उचलला. थोरला पट्टीचा पोहणारा. समोर किनारा दिसतोय म्हणून त्याने होडी सोडली. तो कुणालाच सापडला नाही. 'होडी सोडायची नाय' हे आमच्या घरातलं पोर चालायच्या आधी ऐकतं.

आईने सिस्टरपुढे दुसऱ्यांदा चहा ठेवला आणि मला म्हणाली, "जा. तिथली माणसं शानी हायेत."

मला एवढा आनंद झाला की मी तिला सगळ्यांदेखत मिठी मारली. पण आईचं हो म्हणजे नुसतं हो नसतं, हे मी विसरले होते.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघी बोईसरहून टांग्याने येत होतो. गाव जवळ आलं आणि चाक मोडलं. टांगेवाला घोडा सोडून सुताराला आणायला गेला. बाकीचे उतारू चालू लागले. आमच्या घराची कौलं ओळखू येत होती. मी उतरायला लागले तर आईने पदर धरला.

"गाडी बंद पडली हाय."

"आये, घर समोर हाय!"

"समोर घर दिसलं तरी नाय, असंच बोलली ना ती?"

चैत्राचं ऊन, तिरपा टांगा, आणि आम्ही मायलेकी एका अंगाला घसरत बसलेल्या. बाटलीतलं पाणी ती मला घोटाघोटाने देत होती. जो तो थांबून विचारायचा. काकी तर हसून हसून रस्त्यातच बसली. आईचं सगळ्यांना एकच उत्तर, "पोरीची तालीम चाललीय." आधी मी रागाने धुमसत होते, मग मलाही हसू फुटलं. चाक बसलं तेव्हा ऊन कललं होतं. "पास," आई म्हणाली.

पुढे तिकडे खरंच एकदा जीप वाळूत रुतली. दूर एक पांढरी भिंत दिसत होती, बरोबरची नर्स तिकडे निघाली. मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. दिवस मावळायच्या आत आम्हाला शोधत गाडी आली. जाताना पाहिलं, ती भिंत नव्हतीच, चुनखडीची टेकडी होती, आणि कितीतरी लांब.

दोन वर्षांनी मी रजेवर आले. आगबोट मुंबईला एक दिवस उशिरा लागली, बोटीवरून घरी कळवायला काही साधन नव्हतं. बोईसर स्टेशनावर उतरले तर ज्या बाकावरून आईने मला निरोप दिला होता, त्याच बाकावर ती बसलेली. शेजारी जेवणाचा रिकामा डबा. तिला घरी न्यायला आलेली बहीण वैतागून म्हणाली, "कालपासनं बसलीय. सगळ्यांनी सांगून पायलं, हलत नाय."

मला भरून आलं आणि रागही आला. "आये, घरी जाऊन यायचं ना! घर काय परदेशात हाय?"

तिने मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, डोक्यावरून हात फिरवला.

"मी इथनं हलली असती," ती म्हणाली, "तर तू मला कुठं शोधली असती?"