डाव्या हातानं पेरत नाही, बाई

काकाजींना जाऊन आज वर्ष झालं, आणि मी काल भर क्लिनिकमध्ये उड्या मारल्या.

वेटिंगमधले पेशंट बघत राहिले. गुडघेदुखीच्या एका आजींना वाटलं, मला काहीतरी चावलं.

सांगते. काकाजींच्या मुलाला विचारूनच लिहितेय.

जे मला ओळखतात त्यांना माझं खूळ माहीत आहे. दिवसा धंतोलीत फिजिओथेरपी, आणि मिळेल त्या वेळात अंगठ्याएवढे प्लास्टिकचे सैनिक रंगवणं. रविवारी आमचा पाच जणांचा ग्रुप ते टेबलावर मांडतो, फासे टाकतो आणि लढतो. वय बत्तीस. आईने या विषयावर बोलणं सोडलंय.

तुळशीरामकाकाजी कुहीकडचे. धानाची शेती. लकवा मारला, उजवा हात गेला, मुलगा माझ्याकडे घेऊन आला.

तीन आठवडे मी त्यांना रबरी बॉल दाबायला दिला. ते तो डाव्या हातात घ्यायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

"उजव्यात घ्या ना काकाजी."

"तो झोपला हाय. झोपू दे त्याले."

चिमूट होत नव्हती. अंगठा आणि बोट एकत्र आले की बटण, घास, पेन, सगळं हळूहळू परत येतं. नाही आले तर नाही. मी घरी जाऊन उशीवर राग काढायचे.

एक दिवस माझा लंच ब्रेक लांबला. टेबलावर नुकताच रंगवलेला एक सैनिक होता. तलवार, चिलखत, भिंग लावून काढलेले डोळे. काकाजींनी डाव्या हातानं उचलला, फिरवून फिरवून पाहिला.

"हे काय करून राहिली वं बाई?"

सांगितलं.

"माणूस चांगला झाला. पण हा उभा कायच्यावर हाय?"

काळ्या प्लास्टिकच्या चकतीवर उभा होता. त्या चकतीला आम्ही बेस म्हणतो. तिच्यावर माती, दगड, गवत करायचं असतं, आणि मला त्याचा भयंकर कंटाळा.

"जमीनच नाही त्याच्या खाली. कायच्यासाठी लढून राहिला मंग तो?"



पुढच्या वेळी काकाजी माझ्या लंच ब्रेकमध्येच वावरातली काळी माती घेऊन आले. औषधाच्या रिकाम्या डबीत, काकूंच्या पिठाच्या चाळणीनं चाळलेली. (काकूंनी ती चाळणी पुन्हा वापरली नाही, हे नंतर कळलं.)

मी चकतीवर पांढरा गोंद लावून दिला. त्यांनी डाव्या तळव्यावर माती ओतली आणि थांबले.

"काय झालं काकाजी?"

"डाव्या हातानं पेरत नाही, बाई."

मी म्हटलं, ही काय पेरणी आहे का? त्यांनी ऐकलंच नाही.

झोपलेला उजवा हात उठला. थरथरत डाव्या तळव्यापाशी आला. अंगठा बोटाला टेकला, माती उचलली आणि चकतीवर सोडली.

अर्धी टेबलावर सांडली. थोडी माझ्या वरणभातात.

तीन आठवडे मी ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, ते त्या हातानं मला न विचारता करून टाकलं. तो भात मी टाकला नाही. माती बाजूला सारून खाल्ला.

मग काकाजी थांबलेच नाहीत. दर रविवारी बसनं आमच्या ग्रुपमध्ये हजर.

आम्ही सगळे आधी सैनिक रंगवतो आणि बेस शेवटी उरकतो. काकाजींचं उलटं. आधी जमीन, मग माणूस.

त्यांच्या पहिल्या बेसवरची माती वाळून तिला भेगा पडल्या. आमच्यातला निखिल म्हणाला, बिघडलं काकाजी, खरवडून टाका.

"बिघडलं कुठं? उन्हाळा हाय."

त्या भेगा मुद्दाम कशा पाडायच्या, हे नंतर निखिलच त्यांच्याकडून शिकला.

फक्त ब्रश उजव्या हातात यायचा नाही. माती जमायची, ब्रश निसटायचा. तरी एका रविवारी त्यांनी झेंडेवाला सैनिक खिशात टाकला. बाकी अंग मी रंगवलं होतं, चेहरा कोरा होता.

"याचे डोळे मी काढन. तू हात नको लावजो."

डोळे म्हणजे या छंदातलं सगळ्यात अवघड काम. धडधाकट हातांची फजिती होते. मी नुसती हो म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांना दुसरा झटका आला. ते गेले.

वर्षभर मला एकच खात होतं. अजून थोडे दिवस मिळाले असते तर तो हात ब्रशपर्यंत पोचला असता का? की मी एका म्हाताऱ्या माणसाला उगाच आशा लावली?

तिथीनं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. काल काकू बीपी दाखवायला धंतोलीत आल्या, तशा माझ्याकडे डोकावल्या. हातात तीच औषधाची डबी.

"ह्यायच्या कपाटात भेटली. तुमचंच असंल काही."

आत झेंडेवाला. पायाखाली भेगाळलेली जमीन.

आणि चेहऱ्यावर दोन डोळे. एक जरा मोठा, दुसरा कानाकडे सरकलेला.

"काकू, हे कोणी काढले?"

"त्यायनंच. उजव्यानं. मी समोर बसून होती ना. दोन दिवस लागले. मले म्हणे, बाईले सांगू नको, रविवारी दाखवतो."

तेव्हा मी उड्या मारल्या. मग रडले. मग परत उड्या.

काकू म्हणाल्या, "बसा बाई जराशा."

आज तो झेंडेवाला टेबलावर उतरला. मी त्याच्या डोळ्यांना हात लावला नाही.

दुसऱ्याच फेरीत मेला. निखिलचे फासे.

मग निखिलच काकाजींच्या आवाजात म्हणाला, "मरू दे. जमीन तर जाग्यावर हाय ना." आणि आम्ही पोट धरून हसलो.

मेलेला सैनिक नियमानं टेबलावरून उचलतात. आज कोणी उचलला नाही.

काकाजी, तुमची फाइल मी वर्षभर बंद केली नव्हती. आज संध्याकाळी तिच्यात शेवटची ओळ लिहिली.

पेशंट उजव्या हातानं ब्रश धरतात.

दोन्ही हातांनी नमस्कार, काकाजी.