गुलाबी फीत

"वाळलेलं कुणीतरी खाणारच, सेन्योरा. आगीनं खायचं की माझ्या शेळीनं, तेवढं तुम्ही ठरवा."

अमेरिकेतल्या ओकलंडच्या डोंगरावर पाऊल ठेवल्या ठेवल्या फोर्चुनातो याउरी हे बोलला आणि घरमालक संघाच्या अध्यक्षीणबाई, मिसेस टॉलिव्हर, त्या दिवसापासून त्याच्यावर फुगून बसल्या.

फोर्चुनातो पेरूतला, उंचावरच्या गावचा. सहा वर्षं उन्हाळाभर, वणवा लागू नये म्हणून, तीनशे शेळ्या तो या उतारांवर चारत होता. शेळ्यांभोवती तारेचं जाळं लावायचं, उतार बोडका करायचा, जाळं वर सरकवायचं. रात्री खाली शहराचे दिवे दिसत. एवढी माणसं आणि एवढं वाळलेलं गवत शेजारी-शेजारी कशी झोपतात, याचं त्याला नवल वाटे.

जुलैत संत सांतियागोच्या दिवशी तो प्रत्येक शेळीच्या कानात रंगीत फीत ओवायचा. त्याच्या गावी फितीचा अर्थ एकच : हे माझं. पुढच्या म्होरक्या शेळीचं नाव त्यानं मेयरबाई ठेवलं होतं, कारण ती सगळ्यांच्या कामात तोंड घालायची.

अग्निशमन दलाची इन्स्पेक्टर रुबी ओकाम्पो हिच्या फितीचा अर्थ निराळा. तिनं उतारावर जिथे जिथे गुलाबी फीत बांधली, तिथलं सगळं काढायचं. तसं संघानं शेळ्यांसाठी केलेल्या करारातच लिहिलेलं.

मिसेस टॉलिव्हरांनी तो करार वाचलाच नव्हता. 'शेळ्यांनी खाऊ नये' म्हणून ही फीत बांधतात, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. आठ महिने रुबी त्यांना विनवत होती की घराच्या भिंतीला चिकटलेली आयव्हीची वेल आणि गुलाब पाच फुटांपर्यंत काढा, ठिणगी तिथेच पडते. बाई ऐकेनात. उलट बाजारातून गुलाबी फितीचं अख्खं रीळ आणून त्यांनी वेलीला, गुलाबांना, कुंपणाच्या फाटकालासुद्धा त्या फितीची फुलं बांधली.

सकाळी जाळं सरकवताना फोर्चुनातोनं ते पाहिलं. बाईंची गफलत त्याच्या तेव्हाच ध्यानात आली. तो खुदकन हसला, मग वाळलेल्या वेलीकडे बघून हसायचा थांबला. फाटक उघडून तो मेयरबाईला म्हणाला, "चला, आमंत्रण आहे."

दुपारपर्यंत घराभोवतालचे पाच फूट लख्ख झाले.

शनिवारी संघाची सभा भरली. विषय एकच : शेळ्या उद्याच्या उद्या घालवायच्या की नाही. अर्धा उतार अजून वाळलेल्या गवतानं भरलेला होता आणि ऑक्टोबरचा कोरडा वारा दोन आठवड्यांवर आला होता. सहा वर्षं राखलेला डोंगर आता हातचा जाणार, असं फोर्चुनातोला वाटलं.

"माझं घर उघडं पाडलं या माणसानं!" मिसेस टॉलिव्हर कडाडल्या. "फीत बांधली होती मी! दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली ना, सेन्योरा. म्हणून तर."

सभेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाई, काढायच्या झाडाला फीत बांधतात," रुबी म्हणाली. "आणि तुम्ही तर फाटकाला पण बांधलीत! शेळ्यांनी फाटक सोडलं, हे त्यांचे उपकारच समजा."

"अहो फोर्चुनातो," मागून एक म्हातारा ओरडला, "माझ्या मेव्हण्याला बांधली तर चालेल का?"

हशा ओसरल्यावर रुबी सावकाश म्हणाली, "एक सांगते. यंदा वारा सुटला तर या रस्त्यावर सगळ्यात आधी मी निर्धास्त होईन ती याच घराबद्दल."

मिसेस टॉलिव्हर खुर्चीत टेकल्या. वर्षानुवर्षं वाऱ्याच्या रात्री त्या कपड्यांची बॅग दाराशी ठेवून जाग्या बसत, हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. हात वर करायची वेळ आली तेव्हा शेळ्या ठेवायच्या बाजूनं बरेच हात वर गेले. सगळ्यात शेवटी, जड झाल्यासारखा, बाईंचाही गेला.

मग त्यांनी पर्समधून उरलेलं रीळ काढून फोर्चुनातोपुढे आपटलं. "खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं ना, मी कशासाठी बांधली ते?"

फोर्चुनातोनं हातभर फीत तोडली, आपल्या टोपीला बांधली, छान गाठ मारली, आणि "आता शेळ्या मला खाणार नाहीत, सेन्योरा," म्हणत बाहेर कळपाकडे चालू लागला.