तात्यांचा डावा पाय

ड्रेसिंग रूममध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. तिथं आलेला माणूस जखमेकडे बघायचं टाळतो आणि तोंड चालू ठेवतो. मी इथली नर्स, मुळात कमी बोलते, त्यामुळे सगळं माझ्याच कानात येऊन पडतं. घरी सांगावं, तर लग्नाला जेमतेम चार महिने झालेत. एकदा जेवताना यांनी हौसेनं विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हणाले, "पू." सासूबाई ताट उचलून बाहेरच्या खोलीत गेल्या! तेव्हापासून कुणी विचारत नाही.

*

मंगळवार पेठेतल्या आमच्या दवाखान्यात शिरोळचे तात्या आले ते डाव्या पायाला टॉवेल गुंडाळून. जुनी शुगर. चपलेतून खिळा आत शिरलेला, आणि हे दोन दिवस तसेच शेतात फिरले. पायाला काही कळतच नव्हतं. डॉक्टरांनी दोन बोटं काढली आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, स्पष्ट सांगितलं, "जखम भरली तर पाय राहील. नाही भरली तर गुडघ्याखालून काढावा लागेल."

तात्याच म्हणाले, "ऐकलंस न्हवं? त्या पायाला जरा मान देत जा आता!"

*

तीन आठवडे झाले तरी जखम जशीच्या तशी. शुगर आटोक्यात, ड्रेसिंग वेळेवर. डॉक्टर वैतागले. "खाताय काय?"

काकू अभिमानानं म्हणाल्या, "भाकरी आन् मीठ. डाळ बंद, दूध बंद, अंडी तर घरातच आणली न्हाईत. पू होतोय की त्यानं!"

"अहो काकू, मांस भरायला पोटात काही जायला नको? उपाशी ठेवलंय तुम्ही त्यांना!"

काकूंचा चेहरा उतरला. नवऱ्याबरोबर त्यांनीही तीन आठवडे डाळ सोडली होती.

"आता कोंबडी काप," तात्या म्हणाले. "पायाच्या नावानं!"

*

आमच्याच गल्लीतल्या अक्काताई, जैन, वयानं सत्तरीच्या. हात तेलानं भाजलेला आणि चातुर्मासात एक वेळचं जेवण. तात्यांचं बघून डॉक्टर धास्तावलेले, पण बोलायला कचरत होते. अक्काताईच म्हणाल्या, "घाबरू नका डॉक्टर. उपास मी धरलाय, माझ्या हातानं न्हाय." त्या एकाच जेवणात मूग, दूध, शेंगदाणे असं सगळं नीट बसवलं त्यांनी. हात महिन्याभरात भरला!

शेवटच्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा तात्यांचा पाय बघून त्यांनी हळूच विचारलं, "ह्यांचं कधी?" मी कात्री शोधत राहिले.

*

नेसरीच्या एका पावण्यांची नडगी दोन महिने भरेना. डॉक्टर म्हणाले, "तंबाखू सोडा. तिच्यानं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेपर्यंत रक्तच पोचत नाही." पावण्यांनी गळ्याची शपथ घेतली. पुढच्या खेपेला मी पट्टी उघडली, तर जखमेत दाबून भरलेली तंबाखू!

"तुम्ही खायची बंद केली," पावणं शांतपणे म्हणाले. "पुडी घरात हुती. वाया कशाला घालवायची?"

सगळ्यांत जास्त तात्या हसले. त्यांची जखम तोवर लाल, दाणेदार दिसायला लागली होती, म्हणजे भरत होती. काकूंनी पहिल्यांदाच वाकून तिच्याकडे बघितलं. डॉक्टरांनी बजावलं, "अजून महिनाभर हा पाय जमिनीला टेकवायचा नाही."

*

मग उसाचा हंगाम सुरू झाला. दोन आठवडे दांडी मारून तात्या आले, तेव्हा पट्टी उघडायच्या आधीच वास आला. तळवा फाटलेला, वर घोट्यापर्यंत काळपट.

"चाललात?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक पाऊल टाकलं न्हाय. हिला इचारा."

काकूंनी मान हलवली. खरंच टाकलं नव्हतं.

"मग हे काय?"

"ट्रॅक्टरवर हुतो. तोड आलीया कारखान्याची, ऊस वाळवू व्हय? पोरं खुर्चीवरनं उचलून बसवायची, उचलूनच उतरवायची."

डावा पाय. दिवसभर क्लचवर.

"क्लच म्हंजी काय जमीन हाय व्हय?" तात्यांनी विचारलं. डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि ऑपरेशनचा कागद लिहायला घेतला.

पाय गेला.

*

कापलेला पाय पुतण्यांनी कापडात गुंडाळून नेला आणि शेताच्या बांधाला माती दिली. तात्या घरी गेले, आणि पुढं गुडघ्याखालच्या खुंटाच्या ड्रेसिंगला आले, तेव्हा छताकडं बघत स्वतःच सांगायला लागले.

"बाराव्या दिवशी भावकी जमली, पोरी. अंगण भरलं. सरपंच उठला, म्हणाला, 'या पायानं कधी कुणाच्या बांधावर पाऊल ठिवलं न्हाय.' बायका रडल्या. हीबी रडली."

"आणि तुम्ही?"

"मीबी दोन शब्द बोलाय हात वर केला. तर सरपंच म्हणतोय, 'तात्या, तुम्ही बसा. दुखवट्यात घरच्यांनी बोलायचं नसतंय.'"