चिमटा डॉक्टरांच्या दंडाचं माप

चिमटा डॉक्टर कुणालाही भेटले की नमस्काराआधी त्यांची नजर समोरच्याच्या दंडाकडे जाई. दंडामागची कातडी दोन बोटांत उचलायची, त्या घडीला कॅलिपरचा चिमटा लावायचा आणि अंगात चरबी किती ते तबकडीवर वाचायचं, हे त्यांचं वेड. मी तळोद्याच्या दवाखान्यात नर्स. आकडे वहीत लिहिणं माझ्याकडे. साठ सालानंतरची ती वर्षं. डॉक्टर स्वतः मात्र काडीपहिलवान, दिवसभर चहावर जगणारे.

तापीकाठच्या गावांत तर मापाची शर्यतच लागे. गुजर घरांतल्या आया पोरांना तूप चोळून आणत आणि घडी बोटांतून निसटून जाई. "ताई, तूप पोटात घाला, दंडावर नको," डॉक्टर म्हणत आणि माझ्या पदराला हात पुसत. त्या एका सवयीपायी मी त्यांच्यावर खूप चिडले आहे.

"वजनकाटा पाण्यालाही वजन म्हणतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते मला पहाडात गेल्यावर कळलं. जीप सोडून दोन तास चढल्यावर एका पाड्यावर अडीच वर्षांची सोनी भेटली. गाल गोबरे, पाय गुबगुबीत. मी म्हटलं, ही तरी धडधाकट आहे. डॉक्टरांनी तिच्या पायावर अंगठा दाबला; खळगा तसाच राहिला. ती सूज होती, अंगात साठलेलं पाणी. दंडाची घडी पाच मिलिमीटर, हवी त्याच्या निम्मी. "हिला खाली नेलं नाही तर ही पावसाळा काढणार नाही," ते हळूच म्हणाले.

सोनीची आजी, रुमली, दारात आडवी उभी राहिली. आमच्याशी ती बाजारातल्या अहिराणीत बोले. तिने डॉक्टरांची बाही वर केली आणि म्हणाली, "आते तुले लाव." मी लावला. चार. पाडाभर हसू पसरलं.

"तुन्हा अंगवर काहीच नई शे. तू मन्ही नातले काय जाड करशी?" म्हातारीने अट घातली. सोनी खाली येईल, पण तिच्या प्रत्येक घासाबरोबर डॉक्टरांनीही खायचं, आणि दोघांचं माप ती येऊन बघणार.

मग महिनाभर दवाखान्यात दोन ताटल्या लागल्या. दूध, शेंगदाण्याचा कूट, खिचडी. सोनीने तोंड फिरवलं की डॉक्टर आधी खात. डॉक्टरांनी फिरवलं की सोनी त्यांच्याकडे बोट दाखवी. तिच्या पायांची सूज उतरली तेव्हा ती पार वाळकी दिसू लागली आणि मी घाबरले. मग दंड भरू लागला. म्हातारी आली त्या दिवशी सोनी आठवर होती आणि डॉक्टर सातवर. "पोर जितनी," म्हणत रुमलीने जिंकलेल्या नातीला कडेवर घेतलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पुढे डॉक्टरांची बदली झाली. दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या नावाने त्यांचं कार्ड येई. वर त्यांच्या दंडाचा आकडा, खाली "रुमलीआजींना कळवा." बाजाराच्या दिवशी मी वाचून दाखवी आणि ती अंगठा-बोटात तेवढी फट धरून बघे.

एकदा कार्डावर पाच आला. रुमली तडक बाजारात गेली, ओटीभर शेंगा घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ओतल्या.

"त्याले धाड," ती म्हणाली. "आन लिखी दे, सोनी बी खाई ऱ्हायनी."